मत्स्यविनोद आणि नीति

मनुष्य पोटासाठीं जें करतो त्याची नीतीच्या कसोटीवर परीक्षा करण्याची आपणांस संवय आहे. पण तो करमणुकीसाठीं जें करतो त्याकडे आपण सहसा त्या दृष्टीनें पाहत नाहीं. व्यापाऱ्यानें खोटें माप वापरलें, वकिलानें अशिलास फसविलें किंवा शिक्षकानें शिकविण्यांत कुचराई केली, तर आपण त्यास दोष देतों. रविवारीं तोच व्यापारी, तोच वकील, तोच शिक्षक काय करून मन रमवितो, हा मात्र ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न मानला जातो. ही वांटणी आम्हांस बरोबर वाटत नाहीं. पोटाच्या धंद्यांत मनुष्य पुष्कळदां परिस्थितीनें बांधलेला असतो. फुरसतीच्या वेळीं तो मोकळा असतो, आणि मोकळा मनुष्य काय निवडतो यावरूनच त्याच्या मनाची ठेवण कळते. नीतीचा विचार जर कोठें अगत्यानें करावयाचा असेल, तर तो करमणुकीच्या बाबतींत केला पाहिजे असें आमचें मत आहे.

या विषयाकडे आमचें लक्ष वेधलें तें आमच्या परिचयाच्या एका पुणेकर कुटुंबामुळें. घरांत पति-पत्नी, बारा वर्षांची मुलगी, आठ वर्षांचा मुलगा व मुलांचे आजोबा अशीं पांच माणसें. घर मत्स्याहारी. सगळीं एका छपराखालीं राहत. पण संध्याकाळ झाली कीं प्रत्येकाचें डोकें आपापल्या भ्रमणध्वनीच्या पडद्यांत बुडालेलें असे, आणि जेवणाच्या ताटावरहि कोणी कोणाशीं फारसें बोलत नसे. आजोबांचें बालपण कृष्णाकांठीं गेलेलें. एके दिवशीं त्यांनीं जेवतांना लहानपणच्या गळाच्या गोष्टी सांगितल्या. मुलांनीं हट्ट धरला. आणि त्या दिवाळीपासून एका रविवाराआड पांचहि जणांनीं भोरजवळच्या भाटघर जलाशयाच्या कांठीं जाण्याचा परिपाठ सुरू झाला. महाराष्ट्रांत अशा जलाशयांतील मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमारांच्या सहकारी संस्थांकडे असतो. तेव्हां तेथील मच्छीमारांची परवानगी घेतल्यावांचून पाण्यांत दोरी टाकावयाची नाहीं, हा आजोबांचा पहिला नियम होता. सबंध एक वर्ष हा क्रम चालला.

त्या वर्षानें या कुटुंबास काय दिलें हें प्रथम मोकळ्या मनानें सांगितलें पाहिजे. कारण प्रतिपक्षाचें बळ कमी दाखवून वादांत मिळविलेला विजय कधींच टिकत नाहीं. मुलें पहांटे उठूं लागलीं. ओल्या मातींत गांडूळ कोठें सांपडतें, पिठाची गोळी किती घट्ट मळावी म्हणजे ती पाण्यांत लगेच विरघळत नाहीं, दोरीवरचें बूच नुसत्या लाटेनें हललें कीं खालून ओढलें गेलें, हें त्यांना कळूं लागलें. रोहू, कटला आणि मृगळ हे दख्खनचे मूळ रहिवासी नव्हेत, ते उत्तरेकडील नद्यांतून आणून आपल्या जलाशयांत सोडलेले आहेत; तिलापिया तर १९५२ सालीं परदेशांतून भारतांत आला; मरळ आणि वाम मात्र येथले जुने, ही सर्व माहिती मुलीनें एका वहींत टिपून ठेवली. माघापासून पाणी कसें ओसरूं लागतें, आणि भर उन्हाळ्यांत जुने बांध, बुडालेल्या वाटा व कांबरे गांवाजवळचें एरवीं पाण्याखालीं असणारें शिवालय कसें वर येतें, हें त्यांनीं प्रत्यक्ष पाहिलें. तासन् तास कांहींहि हातीं न लागतां बसून राहावें लागल्यामुळें आजोबांना श्रोते मिळाले व मुलांना ऐकावयास वेळ मिळाला. ज्या घरांत बोलणें थांबलें होतें तेथें तें पुन्हा सुरू झालें. हा लाभ लहान नाहीं.

जुन्या लोकांनींहि हा लाभ ओळखला होता. गळ टाकून मन रमविणें ही इंग्रजांनीं आणलेली चाल आहे असा आपल्याकडे एक समज आहे; तो बरोबर नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नांवाचा संस्कृत ग्रंथ रचला. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेनें १९२५ पासून तो छापून प्रसिद्ध केला. त्यांतील विनोदांच्या विभागांत ‘मत्स्यविनोद’ असें एक स्वतंत्र प्रकरणच आहे. माशांचे प्रकार कोणते, त्यांना खाद्य कोणतें घालावें, गळ कसा टाकावा, यांचा तेथें राजाच्या करमणुकीच्या दृष्टीनें विचार केलेला आहे. आणि सोमेश्वराच्या राज्यांत आजच्या महाराष्ट्राचा बराच भाग मोडत होता. इंग्लंडांत आयझॅक वॉल्टन यानें १६५३ सालीं गळाच्या मासेमारीवर जें पुस्तक लिहिलें तें यादवी युद्धानें थकलेल्या वाचकांस शांत नदीकांठ दाखवितें, आणि म्हणूनच तें आजवर वाचलें जातें. पण त्याच वॉल्टनला बायरन कवीनें आपल्या काव्यांत क्रूर म्हणून झोडपलें आहे. एकाच पुस्तकांत एकास शांति दिसते व दुसऱ्यास क्रौर्य दिसतें, याचें कारण एक कांठावरून पाहतो आणि दुसरा पाण्यांतून. आपल्याकडील म्हणीनें हेंच थोडक्यांत सांगितलें आहे: मांजराचा होतो खेळ, पण उंदराचा जातो जीव.

आमच्या परिचयाच्या त्या कुटुंबांत हा प्रश्न पौषांतल्या एका सकाळीं उभा राहिला. मुलाच्या गळाला पहिला मोठा मासा लागला, तो कांठावर येऊन उड्या मारूं लागला, आणि मुलीनें विचारलें, ‘आजोबा, ह्याला दुखत असेल का हो?’ वडिलांनीं लगेच सांगून टाकलें, ‘छे ग, माशांना कांहीं कळत नाहीं.’ आई म्हणाली, ‘मग आपण त्याला परत सोडून देऊं या.’ आजोबा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘दुखत असेल, बाळ. म्हणून तर हात लवकर चालवायचा.’ त्यांनीं माशाच्या डोक्यावर नेमका एक घाव घातला व तो टोपलींत ठेवला. मुलीच्या आईनें ही हकीकत आम्हांस सांगितली तेव्हां आमच्या मनांत आलें कीं, या प्रश्नाला जीं तीन मुख्य उत्तरें देतां येतात तीं या एका कुटुंबानें क्षणार्धांत देऊन टाकलीं. आपण तीं क्रमानें तपासूं.

पहिलें उत्तर वडिलांचें. तें सर्वांत सोयीचें आहे. कारण माशाला वेदनाच नसेल तर प्रश्नच उरत नाहीं. या उत्तरास शास्त्राचा आधार मुळींच नाहीं असें नव्हे. जेम्स रोझ या अमेरिकन शास्त्रज्ञानें २००२ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, मनुष्यास वेदनेची जाणीव मेंदूच्या ज्या बाह्य थरामुळें होते तो थर माशांत नसतो. तेव्हां गळास लागलेल्या माशाची धडपड खरी असली तरी तिच्यामागें जाणीव नसते. परंतु पुढच्याच वर्षीं, म्हणजे २००३ सालीं, लिन स्नेडन व त्यांचे सहकारी यांनीं स्कॉटलंडांत ट्राउट जातीच्या माशांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. माशाच्या तोंडाभोंवतीं इजा ओळखणारीं मज्जातंतूंचीं टोकें असतात हें त्यांनीं दाखविलें. ओठांत सौम्य आम्ल टोंचलेले मासे जलद श्वास घेऊं लागले, बराच वेळ त्यांनीं अन्नास तोंड लावलें नाहीं, आणि आपले ओठ ते टाकीच्या तळाशीं असलेल्या खड्यांवर घांसूं लागले. वेदनाशामक मॉर्फिन दिल्यावर हें वर्तन कमी झालें. शास्त्रज्ञांचा हा वाद अद्याप पुरता मिटलेला नाहीं. पण वाद मिटेपर्यंत संशयाचा फायदा कोणाला द्यावयाचा? न्यायालयांत तो आरोपीला देतात. येथें आरोपी आपण आहों आणि न्यायाधीशहि आपणच आहों. अशा न्यायाधीशानें संशयाचा फायदा स्वतःला दिला, तर त्याला न्याय म्हणतां येणार नाहीं.

शिवाय येथें आम्हांस आपल्या भाषेची साक्ष काढावीशी वाटते. पाण्याबाहेर काढलेल्या मासोळीची तळमळ म्हणजे काय हें कोणाहि मराठी माणसास समजावून सांगावें लागत नाहीं. भगवंताच्या विरहाची परमावधि सांगावयाची झाली तेव्हां संतांनींहि तीच उपमा हातीं धरली. भाषेची साक्ष हा शास्त्रीय पुरावा नव्हे, हें आम्ही जाणतों. पण जो मनुष्य कीर्तनांत ही उपमा ऐकून डोळे टिपतो, त्यानेंच दुसऱ्या दिवशीं नदीकांठीं ‘माशाला काय कळतें?’ असें म्हणावें, ही विसंगति लहान मुलाच्याहि लक्षांत येण्यासारखी आहे. त्या मुलीच्या ती आलीच.

दुसरें उत्तर आईचें: मासा धरावा, पाहावा आणि सोडून द्यावा. हें उत्तर प्रथमदर्शनीं सर्वांत दयाळू दिसतें, आणि आज जगभर हौशी मासेमारीची प्रतिष्ठित रीत हीच आहे. ती नीट पाळावयाची तर तीमागेंहि शास्त्र आहे. गळाला उलटा कांटा नसावा. माशास कोरड्या हातानें धरूं नये, कारण त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर हेंच त्याचें रोगापासून संरक्षण असतें. त्यास पाण्याबाहेर फार वेळ ठेवूं नये, कारण हवेंत त्याचे कल्ले मिटतात व तो गुदमरतो. कडक उन्हाळ्यांत, पाणी तापून त्यांतील प्राणवायु कमी झाला असतां, गळ टाकूंच नये. इतकें करूनहि ज्याच्या घशांत गळ खोल रुतला तो मासा पुष्कळदां सोडल्यानंतर मरतो. फक्त तो आपल्या डोळ्यांसमोर मरत नाहीं.

पण खरा आक्षेप याहून खोल आहे. जेवणासाठीं मासा धरणाऱ्यास माशाची धडपड नको असते. ती त्याच्या कामांत येणारी एक अडचण असते, आणि ती जितकी लवकर संपेल तितकें त्यास बरें. सोडून देण्यासाठीं मासा धरणाऱ्याची गोष्ट उलटी आहे. त्यास मांस नको, त्यास झुंज हवी. मासा जितका जोरानें ओढील, जितका वेळ थकणार नाहीं, तितका त्याचा आनंद अधिक. म्हणजे माशाची भीति व त्याची जगण्याची शर्थ हाच येथें करमणुकीचा गाभा झाला. एका बाबतींत वेदना आनुषंगिक आहे, दुसऱ्या बाबतींत ती हेतूचाच भाग आहे. आणि नीतिशास्त्रांत हा भेद फार मोठा मानला जातो. जर्मनीचा १९७२ चा प्राणिसंरक्षण कायदा सबळ कारणावांचून प्राण्यास वेदना देऊं नये असें सांगतो, आणि केवळ सोडून देण्यासाठीं मासा धरणें हें तेथें सबळ कारण समजलें जात नाहीं. स्वित्झर्लंडनें २००९ पासून, परत सोडण्याच्या उद्देशानें मासे धरण्यास मनाई केली आहे. ज्या देशांत मासा मारून खाणें हा गुन्हा नाहीं तेथें त्यास जिवंत सोडण्यासाठीं धरणें हा गुन्हा ठरावा, हें वाचून कोणास हंसूं येईल. पण थोडा विचार केला असतां त्यांतील तर्क पटतो.

तथापि या पक्षाची दुसरी बाजूहि आहे. कावेरी नदींत महसीर या बलाढ्य माशासाठीं देशोदेशींचे हौशी लोक येत असत. मासा धरावा, त्याचें वजन करावें, लिहून ठेवावें व त्यास सोडून द्यावें, असा तेथें नियम होता. आणि पूर्वीं चोरून मासे मारणाऱ्यांपैकीं कांहींजणांस त्याच माशांच्या राखणीवर व वाट दाखविण्याच्या कामावर नेमलें होतें. २०१० नंतर थोड्याच वर्षांत, अभयारण्यांत गळ टाकणें म्हणजे शिकारच, असा अर्थ होऊन ती मासेमारी बंद झाली. परंतु त्या हौशी लोकांनीं वर्षानुवर्षें ठेवलेल्या नोंदींवरूनच शास्त्रज्ञांनीं २०१५ सालीं दाखवून दिलें कीं, कावेरीचा स्वतःचा, पाठीवर कुबड असलेला महसीर झपाट्यानें नाहींसा होत आहे. २०१८ सालीं त्याची शास्त्रीय ओळख निश्चित झाली आणि तो अतिसंकटग्रस्त जातींच्या यादींत गेला. त्याची जागा घेतली ती निळ्या परांच्या महसिरानें. हा मासा आमच्या दख्खनचा. लोणावळ्याच्या मत्स्यपैदास केंद्रांत वाढवून अगदीं सद्हेतूनें तो कावेरींत सोडण्यांत आला होता. माशांवरच्या प्रेमानें एका माशास वाढविलें आणि दुसऱ्याचें घर मोडलें.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. माशांविषयीं आपलीं कर्तव्यें दोन आहेत: एक समोरच्या माशाविषयीं, दुसरें त्याच्या जातीविषयीं. जाति वांचावी म्हणून व्यक्तीला सोडून द्यावें हें योग्य; पण व्यक्तीस आपल्या आनंदासाठीं दुखवावयाचें आणि वर जाति वांचविल्याचें पुण्य पदरांत घालावयाचें, हा हिशेब बरोबर नाहीं. जो मासा दुर्मिळ म्हणून खातां येत नाहीं, त्याला गळ लावण्याचें कारणहि उरत नाहीं. त्याच्या रक्षणासाठीं त्यास मोजणें जरूर असेल तर तें काम म्हणून करावें. त्यास खेळ म्हणूं नये. आणि केवळ त्याच्या सहवासाचा आनंद हवा असेल तर त्यासाठीं गळ लागत नाहीं, हें महाडकडच्या काळ नदीवरील वाळणकोंडीनें पिढ्यान् पिढ्या दाखविलें आहे. तेथें देवीच्या नांवानें राखलेल्या डोहांत महसीर निर्भय फिरतात, लोकांनीं टाकलेले चुरमुरे खातात, आणि कोणी त्यांस धरीत नाहीं. हें कुटुंब उन्हाळ्याच्या सुटींत तेथें गेलें होतें. त्या दिवशीं मुलगा घरीं परततांना म्हणाला कीं, इतके मोठे मासे त्यानें भाटघरला कधींच पाहिले नव्हते. त्याचें म्हणणें अक्षरशः खरें होतें, आणि त्यांत त्याला न कळलेला एक अर्थहि होता.

तिसरें उत्तर आजोबांचें. ‘दुखत असेल, म्हणून हात लवकर चालवायचा,’ या वाक्यांत तीन गोष्टी आहेत: जें खरें तें कबूल करणें; जें घ्यावयाचें तें कमींत कमी वेदना देऊन घेणें; आणि जें मारलें तें वायां न घालवितां ताटांत घेणें. आमच्या मतें तिन्ही उत्तरांत हेंच सर्वांत प्रामाणिक आहे. पण प्रामाणिकपणाहि पुरेसा नसतो, हें त्या वर्षाच्या आषाढानें दाखवून दिलें.

पहिल्या जोराच्या पावसानें ओढे भरले कीं जलाशयांतले मासे प्रवाहाविरुद्ध वर चढूं लागतात. अंडीं घालण्यास त्यांना उथळ, ताजें, वाहतें पाणी हवें असतें. हेच चढणीचे मासे. खेड्यापाड्यांतून लोक जाळीं, टोपल्या, काठ्या घेऊन ओढ्यावर जमतात. मासे इतके कीं हातानेंहि धरतां येतात. आजोबांच्या बालपणींच्या गोष्टींतला सर्वांत रम्य भाग हाच होता, आणि म्हणून मुलेंहि महिनाभर त्याची वाट पाहत होतीं. तीं गेलीं, टोपली भरून आलीं. घरीं आईनें मासे चिरले तेव्हां जवळजवळ प्रत्येक माशाच्या पोटांत गाभोळी होती. गाभोळी ही मत्स्याहारी घरांतील आवडीची चीज. पण रोहूसारख्या माशाची मादी एका हंगामांत लाखांनीं अंडीं घालते हें मुलीनें वहींत लिहून ठेवलेलें होतें. तिनें तें पान काढून ओट्यावर ठेवलें, आणि एक शब्दहि बोलली नाहीं. आजोबांनीं त्या रात्रीं सांगितलें कीं त्यांच्या लहानपणीं नदींत मासे पुष्कळ होते व माणसें थोडीं होतीं. आतां तसें नाहीं. तेव्हां कोजागिरीपर्यंत गळ माळ्यावर राहूं द्यावेत.

हा निर्णय त्यांना नवा वाटला असेल. पण तो या देशांत दोन हजार वर्षांहून जुना आहे. अशोकानें राज्याभिषेकास सव्वीस वर्षें झाल्यावर जो स्तंभलेख कोरविला, त्यांत कांहीं मासे मारूंच नयेत असें सांगून, शिवाय चातुर्मासांच्या पौर्णिमा व दुसरे कांहीं नेमलेले दिवस या काळांत कोणताहि मासा मारूं नये व विकूंहि नये अशी आज्ञा आहे. अशोकानें मासेमारी सर्वस्वीं बंद केली नाहीं. त्यानें तिला कालाची मर्यादा घातली. माणसाच्या गरजेस व हौसेस पूर्णविराम देतां येत नसेल, तरी स्वल्पविराम देतां येतो. आणि धर्माच्या पुष्कळशा व्रतांचा अर्थ या स्वल्पविरामांतच आहे.

येथें एक आक्षेप घेतला जाईल. मासेमारीवर ज्यांचें पोट आहे, किंवा पेरणीच्या दिवसांत, घरांतलें धान्य सरत आलें असतां, चढणीच्या माशांवर ज्यांचे चार दिवस सुखाचे जातात, त्यांना आपण दोषी ठरविणार काय? मुळींच नाहीं. ज्याच्यापुढें भूक आहे त्याचा न्याय वेगळा. आणि शहरांतून मोटारीनें येऊन फुरसतीचा विरंगुळा म्हणून तेच मासे उचलणाऱ्याचा न्याय वेगळा. गरज जेथें संपते तेथून समर्थनाची जबाबदारी सुरू होते. डोंगर चढणारा आपल्या आनंदाची किंमत आपल्या पायांनीं देतो. पोहणारा आपल्या दमानें देतो. मासे धरणाऱ्याचा आनंद त्याचा, पण किंमत मासा देतो. दुसऱ्यानें किंमत दिलेला आनंद भोगतांना निदान ती किती आहे हें विचारण्याचें कर्तव्य तरी भोगणाऱ्यावर राहतेंच.

आमचे कांहीं वाचक या ठिकाणीं स्वस्थ मनानें म्हणतील कीं, आम्ही माशांना शिवतहि नाहीं, तेव्हां हा प्रश्न आमचा नव्हे. त्यांच्यासाठीं एक स्मरण द्यावेंसें वाटतें. दख्खनच्या ज्या महसिराचा वर उल्लेख केला त्याचें शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यानें १८३९ सालीं प्रथम प्रसिद्ध केलें, आणि तो मासा त्याला मिळाला तो पुण्याच्या पूर्वेस कांहीं मैलांवर मुळा-मुठेच्या पाण्यांत. आज त्या नदींत पुणें शहराचें किती सांडपाणी मिसळतें हें तिच्या पुलावरून जाणाऱ्या प्रत्येकास वासावरून कळतें. महसीर शोधण्यासाठीं तेथें कोणी गळ घेऊन जाणार नाहीं. हें काम गळानें केलेलें नाहीं, जाळ्यानेंहि नाहीं. तें आपल्या न्हाणीघरांनीं, कारखान्यांनीं आणि आपल्या उदासीनतेनें केलेलें आहे, आणि त्यांत शाकाहारी व मत्स्याहारी असा भेद नाहीं. गळ टाकणारा मनुष्य निदान आपल्या माशाकडे पाहतो. आपण मोरीचें भोंक सुद्धां पाहत नाहीं. अहिंसा ही जर केवळ ताटापुरती राहिली, तर तिला अहिंसा म्हणण्यापेक्षां शिष्टाचार म्हणणें अधिक बरोबर होईल.

आतां राहिला मुलांचा प्रश्न. आणि आमच्या मतें तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. कांट हा जर्मन तत्त्वज्ञ म्हणत असे कीं, जनावरांशीं क्रूरपणें वागणारा मनुष्य माणसांशींहि निष्ठुर होतो, म्हणून जनावरांस क्रूरपणें वागवूं नये. या मतांतील अर्धा भागच आम्हांस पटतो. माशाची वेदना ही मुलास धडा देण्यासाठीं ठेवलेली पाटी नव्हे. ती माशाची स्वतःची आहे, आणि जगांत एकहि मूल नसतें तरी तिला किंमत असती. पण दुसरा अर्धा भाग खरा आहे. कुटुंबानें एकत्र बसून जो आनंद भोगला जातो त्यांत मुलांची नीति घडत असते. शाळेंतील सुभाषितांनीं ती तितकी घडत नाहीं. ‘त्याला कांहीं कळत नाहीं,’ हें वाक्य एकदां माशाविषयीं शिकलेलें मूल पुढें तें बैलाविषयीं, मोलकरणीविषयीं, दूरच्या देशांतल्या उपाशी माणसांविषयीं सहज वापरूं शकतें; कारण वाक्य तेंच राहतें, फक्त कर्ता बदलतो. आपल्या सुखासाठीं दुसऱ्याच्या दुःखाविषयीं खोटें बोलण्याची संवय ही आमच्या मतें गळाहून अधिक खोल रुतणारी वस्तु आहे, आणि ती काढतांना अधिक रक्त निघतें.

म्हणून घरांत गळ असावा कीं नसावा, यावर आम्ही सर्वांसाठीं एकच निकाल देऊं इच्छीत नाहीं. ज्यास मुळींच नको असेल त्यानें तो आणूं नये, हें उत्तमच. ज्यास हवा असेल त्यानें जेवढें खावयाचें तेवढेंच घ्यावें, अंडीं घालण्याच्या हंगामांत हात आखडावा, दुर्मिळ जीवास दुरूनच पाहावें, नदी जी देते तिच्या स्वच्छतेसाठीं आपणहि कांहीं करावें, आणि मुलानें विचारलें असतां खरें उत्तर द्यावें. यांतील शेवटची अट सर्वांत कठीण आहे. ती पाळणाऱ्यास इतर अटी शिकविण्याची फारशी गरज पडत नाहीं; कारण खरें उत्तर एकदां तोंडांतून निघालें कीं तें मनुष्यास स्वस्थ बसूं देत नाहीं.

त्या कुटुंबाचें दुसरें वर्ष आतां सुरू झालें आहे. मुलगा पूर्वींप्रमाणेंच आजोबांच्या शेजारीं काठी धरून बसतो, पण दिवसांत दोन मासे मिळाले कीं दोरी गुंडाळावयाची असा नियम झाला आहे. मुलगी गळास हात लावीत नाहीं. ती पाण्याची पातळी, पक्षी आणि ओढ्यांची स्थिति वहींत लिहीत असते. आई मासे रांधते, आणि मुलगी ते खात नाहीं म्हणून तिच्यासाठीं वेगळी आमटी करते. वडील आतां माशांना कांहीं कळत नाहीं असें म्हणत नाहींत. काय म्हणावें तें त्यांना अजून सुचलेलें नाहीं. पांचहि जण एकाच कांठावर बसतात व परततांना एकाच वाटेनें येतात. मतभेद मिटला नाहीं. पण घरांत जें बोलणें सुरू झालें होतें तें चालूच आहे, आणि आतां त्यांत ज्यास बोलतां येत नाहीं अशा एका जीवाचीहि बाजू मांडली जाते. एका वर्षाच्या करमणुकीनें एखाद्या घरास इतकें दिलें असेल, तर ज्यानें त्याची किंमत दिली त्याचें स्मरण त्या घरानें ठेवलें पाहिजे.